रेंजवर १३५, गच्चीवर १५०: लाँच मॉनिटरचा कोणता आकडा धरायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाणेरला राहणारे एक गोल्फर, हँडिकॅप २२, म्हणजे कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण २२ जास्त लागतात. त्यांनी चेंडूच्या मागे जमिनीवर ठेवायचा छोटा रडारचा लाँच मॉनिटर, म्हणजे चेंडूचा वेग आणि उड्डाण मोजणारं यंत्र, घेतला आहे. शनिवार-रविवार रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जातात, एरवी सोसायटीच्या गच्चीवर जाळी बांधून मारतात. सात नंबर आयर्न या क्लबचा (गोल्फच्या काठीचा) कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जाऊन पहिल्यांदा टेकतो तिथपर्यंतचं अंतर, रेंजवर १३५ यार्ड येतो आणि बॉल स्पीड ताशी १०१ मैल. गच्चीवर तोच क्लब १५० यार्ड दाखवतो, बॉल स्पीड १०६. क्लबहेड स्पीड दोन्हीकडे ७८ च्या आसपास. स्पिन, म्हणजे चेंडूच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, मात्र कधी ४,८०० तर कधी ७,२००. यंत्र बिघडलं आहे का, आणि सराव कोणता आकडा धरून करायचा?

यंत्र बिघडलेलं दिसत नाही. बॉल स्पीड त्याने दोन्ही ठिकाणी बहुधा बरोबरच मोजला आहे. घोळ होतो तो त्या वेगावरून कॅरी काढताना. पंधरा यार्डांचा फरक एका कारणाने पडत नाही, तीन-चार लहान गोष्टी एकाच बाजूला साचल्या की पडतो. त्या एकेक करून सोडवता येतात.

आधी हे वेगळं करा: यंत्र काय मोजतं आणि काय हिशेबाने काढतं. रडार लहरी सोडतं आणि चेंडूवरून परत आलेल्या लहरीची वारंवारता किती सरकली ते बघतं. या वर्गातली बरीच यंत्रं २४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तिथे चेंडू सेकंदाला १ मीटर वेगाने लांब जात असेल तर सुमारे १६० हर्ट्झचा फरक पडतो. ताशी १०० मैल म्हणजे सेकंदाला ४४.७ मीटर, म्हणजे ७,१०० हर्ट्झच्या वर. एवढा ठळक फरक स्वस्त यंत्रालाही नीट मोजता येतो. म्हणून बॉल स्पीड हा तुमच्या स्क्रीनवरचा सगळ्यात खात्रीचा आकडा. त्याच्या खालोखाल लाँच अँगल, म्हणजे चेंडू जमिनीशी ज्या कोनात वर निघतो तो, पण तो यंत्र कसं ठेवलं आहे यावर फार अवलंबून असतो. क्लबहेड स्पीड तिसरा, कारण क्लबचं डोकं चेंडूसारखं गोल नसतं. टो (डोक्याचं बाहेरचं टोक) आणि हील (दांडीकडची बाजू) वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि रडारला कधी एक भाग दिसतो, कधी दुसरा.

स्पिनची गोष्ट निराळी आहे. चेंडू सगळीकडून सारखा असतो, त्यामुळे तो फिरतोय हे रडारला दिसायला त्याच्यात काहीतरी वेगळं असावं लागतं. त्यासाठी काही यंत्रांसोबत चेंडूला चिकटवायचे धातूचे छोटे स्टिकर येतात. टायटलिस्टने २०२२ मध्ये आरसीटी चेंडू काढले तेही याच कामासाठी. रॅप्सोडोचा एमएलएम२ प्रो रडारबरोबर कॅमेराही वापरतो आणि खास छापाच्या चेंडूवरून स्पिन वाचतो. तुमच्या गच्चीवर साधा चेंडू ताशी १०६ मैलाने, म्हणजे सेकंदाला ४७ मीटरने निघतो आणि अडीच मीटरवर जाळीत अडकतो. हातात वेळ उरतो सेकंदाचा विसावा भाग. मिनिटाला ६,००० फेऱ्या धरल्या तरी तेवढ्यात चेंडू पाचच गिरक्या घेतो. तेवढ्यावरून स्पिन सापडला नाही की यंत्र बॉल स्पीड, लाँच अँगल आणि निवडलेला क्लब पाहून अंदाज बांधतं. ४,८०० आणि ७,२०० हे त्या अंदाजाचे हेलकावे आहेत. त्यावरून शाफ्ट (क्लबची दांडी) बदलायचा की चेंडू बदलायचा, असा कोणताही निर्णय घेऊ नका.

आता ते पंधरा यार्ड. महिलांच्या एलपीजीए टूरच्या खेळाडूंचा सात नंबरचा जो सरासरी तक्ता लाँच मॉनिटर बनवणाऱ्या ट्रॅकमॅनने पूर्वी प्रसिद्ध केला होता, त्यात बॉल स्पीड १०४ आणि कॅरी १४१ यार्ड होता. पुरुषांच्या पीजीए टूरच्या तेव्हाच्या तक्त्यात १२० आणि १७२. म्हणजे १६ मैलांमागे ३१ यार्ड. तुमच्या वेगाला मैलामागे दीड ते दोन यार्ड धरा. १०१ आणि १०६ मधल्या ५ मैलांनी ८ ते १० यार्ड संपले. हा भाग खरा आहे आणि तो बहुतेक चेंडूचा आहे. क्लबहेड स्पीड दोन्हीकडे ७८, मग गच्चीवर स्मॅश फॅक्टर, म्हणजे बॉल स्पीड भागिले क्लबहेड स्पीड, १.३६ येतो आणि रेंजवर १.२९. रेंजचा चेंडू हजारो फटके खाल्लेला, बरेचदा टणक, खळगे झिजलेला असतो. तो तेवढा उसळत नाही. खात्री करायची असेल तर चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्डच्या मार्करने ठिपका द्या आणि तो ठिपका क्लबफेसकडे, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूकडे, करून मारा. फेसवर ठिपका उमटतो, बोटाने पुसून पुढचा चेंडू ठेवायचा. दोन्ही ठिकाणी ठिपके मध्यभागीच पडत असतील तर दोष चेंडूचा. रेंजवर ते टोच्या बाजूला सरकत असतील तर मॅटवर उभं राहण्यात किंवा चेंडूपासूनच्या अंतरात काहीतरी बदलतंय.

उरलेले पाच-सात यार्ड गच्चीच्या मांडणीत आहेत. आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

पावसाचं पाणी जायला गच्चीला उतार दिलेला असतो. १०० ला १ एवढा साधा उतार धरला तरी यंत्र आणि चेंडू यांच्यातल्या २.१ मीटर अंतरात २ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. त्यात मॅट ३ सेंटिमीटर जाड आणि यंत्र खाली फरशीवर, तर आणखी ०.८ अंश. उताराची दिशा वाईट असेल तर दोन्ही मिळून लाँच अँगल सव्वा-दीड अंशाने फुगतो. त्याच फुगलेल्या अँगलवरून यंत्र स्पिनही ओढूनताणून बसवतं आणि कॅरी वाढतो. उपाय गवंड्याचा आहे. मॅटच्या उंचीचा शहाबादी फरशीचा तुकडा यंत्राखाली घ्या, त्यावर पाणसळ ठेवा, आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी बुडबुडा मध्ये येईपर्यंत खाली पुठ्ठ्याच्या चिपा सारा. मग लांब पट्टी टाकून चेंडूचा तळ आणि यंत्राचा तळ एका पातळीत आहेत का बघा. दहा मिनिटांचं काम आहे. एकदा जमलं की जागेवर रंगाने खुणा करून ठेवा.

दिशेसाठी लाइनदोरी घ्या. जाळीवर निशाणाची खूण करा, तिथून चेंडूवरून मागे यंत्राच्या मध्यापर्यंत दोरी ताणा, यंत्राचं तोंड त्याच रेषेत आणा. २.१ मीटरवर चेंडू पावणेचार सेंटिमीटर बाजूला गेला की रेषा १ अंशाने फिरते, आणि १५० यार्डांवर १ अंश म्हणजे अडीच यार्डांहून थोडं जास्त. स्क्रीनवर सगळे शॉट ४ अंश उजवीकडे निघताना दिसत असतील आणि डोळ्यांना जाळीत ते मध्यावर लागताना दिसत असतील, तर स्विंगला हात लावू नका. दोरी पुन्हा ताणा.

अंतर यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. गार्मिनचा आर१० चेंडूच्या मागे १.८ ते २.४ मीटरवर ठेवायचा असतो आणि पुढे किमान २.४ मीटर चेंडू उडायला लागतो. इतर काही यंत्रांना मागे एक-दीड मीटर पुरतो. जाळीमागे कठड्यापर्यंत अर्धा मीटर तरी ठेवा, कारण सैल जाळी फटक्याने मागे जाते. म्हणजे साडेपाच मीटर लांबीची मोकळी पट्टी हवी. जाळी ताठ बांधू नका, ताठ जाळीतून चेंडू उलटा अंगावर येतो. वरून सैल सोडा आणि तळाचा फूटभर भाग जमिनीवर लोळू द्या. जाळीमागे जुनी सतरंजी किंवा जाड ताडपत्री हवीच, कारण एकाच जागी महिनाभर मारल्यावर जाळीचा धागा तुटतो आणि खाली पार्किंगमध्ये माणसं असतात. शँक झालेला, म्हणजे क्लबच्या दांडीच्या सांध्याला लागलेला, चेंडू उजवीकडे जवळजवळ काटकोनात जातो, म्हणून तुम्ही उजव्या हाताने खेळत असाल तर उजव्या बाजूलाही जाळी घ्या. हे न करता गच्चीवर पूर्ण स्विंग करू नये, असं माझं ठाम मत आहे.

रडारला हलणाऱ्या सगळ्या गोष्टी दिसतात. पत्र्याच्या शेडमधला पंखा चालू असेल तर बंद करा. जुन्या ट्यूबलाइटचाही त्रास होतो, एलईडी चालतात. जवळ लोखंडी पाण्याची टाकी, जिना किंवा पत्रा असेल तर लहरी तिथून आपटून येतात आणि एखादा शॉट गाळला जातो किंवा ६० यार्डांचा दिसतो. यंत्र आणि चेंडू यांच्यात कपड्यांची तार आडवी येऊ देऊ नका. असे वेडे आकडे त्याच क्षणी ॲपमधून काढून टाका. नंतर बसून निवडायला गेलात की न आवडलेले खरे शॉटही त्यात जातात.

रेंजवरच्या अडचणी थोड्या आहेत. शेजारच्या बेमधल्या (मारायच्या कप्प्यातल्या) माणसाचा शॉट तुमच्या खात्यात येतो, म्हणून शक्यतो कडेचा बे घ्या आणि यंत्र ठरलेल्या मर्यादेत चेंडूच्या जितकं जवळ आणता येईल तितकं आणा. प्रॅक्टिस स्विंग यंत्राच्या समोर करू नका. क्लब बदलला की ॲपमध्येही बदला. पीआरजीआरसारखी जी यंत्रं लाँच अँगल मोजत नाहीत, ती निवडलेल्या क्लबच्या लॉफ्टवरूनच, म्हणजे फेसच्या तिरकेपणावरूनच, कॅरी काढतात, तिथे ही चूक थेट आकड्यात येते. आणि एकदा सेटिंगमध्ये जाऊन यार्ड आहे की मीटर ते बघा. दोघांत ९ टक्क्यांचा फरक आहे, आणि १३७ मीटर म्हणजेच १५० यार्ड, त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही.

रेंजवर आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा. छोटं रडार चेंडू पूर्ण टेकेपर्यंत पाहत नाही. सुरुवातीचं उड्डाण बघतं आणि पुढचं गणिताने काढतं, तेही चांगला चेंडू गृहीत धरून. झिजलेल्या खळग्यांचा रेंजचा चेंडू प्रत्यक्षात त्याहून आधी पडू शकतो. म्हणजे स्क्रीनवर १३५ आणि डोळ्यासमोर १२८ असंही होईल, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतील. रेंजवरच्या १०० आणि १५० च्या पाट्यांवरून यंत्राची परीक्षा करायची तर आधी लेझर रेंजफाइंडरने तुमच्या मॅटपासून पाटीचं अंतर मोजा. मॅट रोज थोड्या पुढे-मागे सरकतात, पाट्या तिथेच राहतात.

मग तुमच्या स्वतःच्या चेंडूचा खरा कॅरी कळणार कुठे? कोर्सवर, ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर. चेंडू टेकतो तिथे बशीसारखा खळगा पडतो आणि पुढच्या काठाचं गवत वर उचललेलं असतं. हा पिच मार्क म्हणजे तुमच्या कॅरीची पावती. टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) किंवा फेअरवेवरून (मधल्या कापलेल्या गवतावरून) झेंड्याचं लेझरचं अंतर लिहून ठेवा, समजा १४५. ग्रीनवर गेल्यावर पिच मार्क झेंड्यापासून किती पावलं अलीकडे-पलीकडे आहे ते बघा, समजा ६ यार्ड अलीकडे. कॅरी १३९. खळगा बुजवा आणि पुढे चला. सात, आठ आणि नऊ नंबरचे असे दहा-बारा आकडे जमायला तीन-चार राउंड लागतील. यासाठी सपाट होल निवडा. येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर ते सहज मिळतात. बावधनचं ऑक्सफर्ड टेकडीवर आहे आणि तिथे टीपेक्षा ग्रीन बरंच खाली किंवा वर असलेले होल आहेत. ग्रीन १० यार्ड खाली असेल तर चेंडू साधारण तेवढाच लांब जातो आणि हिशेब बिघडतो. वारा जाणवत असेल तो शॉट नोंदीत घेऊ नका.

हे दहा आकडे आणि यंत्राचे गच्चीवरचे आकडे शेजारी मांडा. पातळी नीट लावल्यावर यंत्र सातत्याने ४ यार्ड जास्त दाखवत असेल तर ४ वजा करा, संपलं. एकाच बाजूला आणि सारखं चुकणारं यंत्र पूर्ण उपयोगाचं असतं.

या मांडणीत पुण्याची उंचीही धरावी लागते. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहोत. हवा तेवढी विरळ, आणि कॅरी साधारण २ टक्क्यांनी जास्त. १५० वर ३ यार्ड. ॲपमध्ये उंची आणि तापमान भरायची सोय असेल तर भरा. फोनला लोकेशनची परवानगी दिली की काही ॲप स्वतःच घेतात. यंत्र समुद्रसपाटी धरून चाललं असेल तर पुण्याच्या ग्रीनवर ते ३ यार्ड कमी दाखवेल, आणि चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर खेळायला गेलात की अचानक बरोबर वाटायला लागेल. तापमानाचंही तसंच. जानेवारीतल्या १२ अंशांच्या सकाळी आणि मे महिन्यातल्या ३८ अंशांच्या दुपारी सात नंबरच्या कॅरीत तीन ते पाच यार्डांचा फरक पडू शकतो. पावसाळ्यातली हवा जड असते म्हणून चेंडू कमी जातो, असं रेंजवर सर्रास ऐकू येतं. दमट हवा प्रत्यक्षात कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते आणि तो परिणाम यार्डभरही नसतो. पावसाळ्यात अंतर बदलतं ते ओल्या चेंडूमुळे आणि ओल्या फेसमुळे. वेजच्या, म्हणजे जवळच्या फटक्यांसाठीच्या जास्त तिरक्या क्लबच्या, फेसवर पाण्याचा थर असला की चेंडू वर निघतो आणि स्पिन घटतो. म्हणून जून ते सप्टेंबरच्या वेजच्या नोंदी वेगळ्या ठेवा आणि प्रत्येक शॉटआधी फेस आणि चेंडू कोरड्या फडक्याने पुसा. टोटल डिस्टन्सचा (कॅरी अधिक घरंगळण्याचं अंतर) रकाना तर लपवूनच टाका. मे महिन्यात भाजलेल्या फेअरवेवर चेंडू तीस यार्ड पळतो, ऑगस्टमध्ये पडतो तिथेच रुततो; ॲपला यातलं काहीच माहीत नसतं.

आता सराव. यंत्र आणल्यावर पहिले पंधरा दिवस जवळपास प्रत्येक जण एकच करतो, दर फटक्याला स्क्रीन बघून जास्तीत जास्त आकडा काढायला जोर लावतो. त्याने स्विंग बिघडतो आणि आकडाही फारसा वाढत नाही. त्याऐवजी फोन बॅगेत ठेवा. चेंडू मारा, फिनिशमध्ये थांबा, मोठ्याने म्हणा: "एकशे बत्तीस, फेसवर थोडा खाली." मग स्क्रीन बघा. दहापैकी सात वेळा तुमचा अंदाज ५ यार्डांच्या आत यायला लागला की हाताला फटका कळायला लागला असं समजा. हीच गोष्ट कोर्सवर उपयोगी पडते, कारण तिथे स्क्रीन नसतं.

मॅटवर मारताना एक फसवणूक होते तिची काळजी घ्या. क्लब चेंडूच्या दोन बोटं मागे आपटला तरी मॅटवरून घसरून चेंडूला लागतो आणि स्क्रीनवर शॉट ठीकठाक दिसतो. गवतावर तोच शॉट अर्ध्या वाटेत पडला असता. चेंडूच्या मागे १० सेंटिमीटरवर हातरुमालाची घडी ठेवा. तिला क्लब लागला तर तो शॉट नोंदीतून बाद, मग बॉल स्पीड कितीही छान असो.

क्लबागणिक अंतर काढायला प्रत्येक क्लबचे दहा शॉट घ्या आणि सरासरीऐवजी मधला आकडा धरा. समजा सात नंबरचे कॅरी असे आले: ९६, १३१, १३४, १३६, १३७, १३८, १३९, १४०, १४२, १५२. सरासरी येते १३४.५, कारण एका टॉप झालेल्या (चेंडूच्या वरच्या भागावर लागलेल्या) शॉटने ती ओढली. मधल्या दोन आकड्यांवरून येतात १३७.५. लक्षात मात्र १५२ राहतो, आणि मग १५० च्या झेंड्याला सात नंबर काढून चेंडू पाण्यात जातो. वहीत १३७ लिहा आणि शेजारी १३१, म्हणजे टॉप झालेला शॉट सोडून सगळ्यात कमी आलेला आकडा, कारण बंकर किंवा पाणी ओलांडायचं असेल तेव्हा हा दुसरा आकडा लागतो.

सगळे क्लब झाले की दोन ठिकाणी बहुधा गोम सापडते. एक, लांब आयर्नमध्ये. तुमच्या वेगाला पाच आणि सहा नंबरचा कॅरी तीन-चार यार्डांच्या फरकाने जवळजवळ सारखाच येईल, कारण कमी लॉफ्टने चेंडूला पुरेशी उंची मिळत नाही. तसं दिसलं तर पाच नंबर काढून त्याजागी हायब्रिड, म्हणजे चेंडू सहज वर उचलणारा क्लब, घ्या. दोन, वेजमध्ये. आजकालच्या सेटमध्ये पिचिंग वेजचा लॉफ्ट ४४-४५ अंश असतो आणि सँड वेज ५६ चा; मधल्या ११-१२ अंशांत २५ यार्डांचं भगदाड पडतं. ५० किंवा ५१ अंशाचा एक वेज ते भरून काढतो. लाँच मॉनिटरवर खर्च केलेल्या पैशांचा खरा मोबदला या दोन शोधांत आहे, असं मला वाटतं. हँडिकॅप २२ ला शॉट वाचतात ते इथे.

त्यानंतर वेजची शिडी. तीन वेज, प्रत्येकाचे तीन स्विंग: हात कमरेपर्यंत, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत. नऊ अंतरं होतात. प्रत्येकाचे आठ चेंडू, दोन बैठकांत पुरं होतं. नऊ आकडे एका छोट्या कार्डावर लिहून बॅगेला अडकवा. मग दर बैठकीत शेवटचे दहा चेंडू ४५, ७०, ५५, ८० असे उलटसुलट अंतरांना मारायचे, सलग दोनदा एकच अंतर नाही, आणि ४ यार्डांच्या आत आलेले मोजायचे. ३०-४० यार्डांखालच्या चिप बऱ्याच यंत्रांना दिसतच नाहीत, त्यांचा नाद सोडा.

ड्रायव्हरसाठी बॉल स्पीड, लाँच अँगल आणि ठिपक्याची जागा एवढंच बघा. स्मॅश फॅक्टर १.५२ दिसला तर खूश होऊ नका. चेंडूचं वजन नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, ड्रायव्हरचं डोकं साधारण २०० ग्रॅम आणि फेसच्या उसळीची मर्यादा ०.८३ धरली, तर गणित १.४९ वर थांबतं. त्याहून बराच वर गेलेला आकडा म्हणजे यंत्राने क्लबहेड स्पीड कमी वाचला. क्लब पाथ, फेस अँगल आणि स्पिन ॲक्सिस यांच्याकडे या किमतीत फक्त कल म्हणून बघावं. त्यांतला बराचसा भाग चेंडू कोणत्या दिशेला निघाला यावरून मागे काढलेला असतो. ड्रायव्हरच्या हीलवर लागलेला चेंडू गिअर इफेक्टने (मध्यापासून दूर लागल्यामुळे मिळणाऱ्या आडव्या फिरकीने) उजवीकडे वळतो; फेसवर चेंडू कुठे लागला हे ज्याला दिसत नाही, ते यंत्र त्या वळण्याचा आकडा कुठून देणार? फेस अँगल २ अंश उघडा दिसतोय म्हणून पकड बदलण्याआधी मार्करचा ठिपका बघा.

उन्हाळ्यात यंत्राआधी फोन दमतो. आयफोनसाठी ॲपलने वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलं आहे, आणि एप्रिलमध्ये मॅटवर उन्हात पडलेला फोन त्याच्या कितीतरी वर जातो. स्क्रीन अंधारते आणि ॲप तुटतं. सकाळी नऊच्या आत आटपा किंवा फोन बॅगेच्या सावलीत ठेवा. कॅमेऱ्यावर चालणारं यंत्र असेल तर कोवळं ऊन थेट लेन्समध्ये येणार नाही असा बे घ्या. फर्मवेअरचा अपडेट घरच्या वायफायवर करून निघा, रेंजवर तो अर्धा तास खातो.

हा प्रश्न वाचून नवीन यंत्र घ्यायचं ठरवणाऱ्यांसाठी दोन शब्द. शॉट स्कोपचा एलएम१ परदेशात २०० डॉलरच्या किमतीने आला, आर१० २०२१ मध्ये ६०० ला, एमएलएम२ प्रो २०२३ मध्ये ७०० ला. फक्त बॉल स्पीड आणि कॅरी हवा असेल तर पहिल्या गटातलं यंत्र पुरे. लाँच अँगल हवा असेल तर दुसऱ्या गटात जावं लागतं. जागा मागे कमी आणि सगळा सराव घरातच असेल, तर चेंडूच्या बाजूला ठेवायचं स्क्वेअरसारखं कॅमेऱ्याचं यंत्र बघा, त्याला मागे जागा लागत नाही. परदेशातून मागवताना कस्टम्स, जीएसटी आणि भारतात वॉरंटी मिळते का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. ॲपची वार्षिक वर्गणीही किमतीत धरा, कारण काही यंत्रांवर वर्गणी संपली की मोजलेले आकडेही निम्मेच दिसतात.

तुमच्यापुरतं: या आठवड्यात पाणसळ आणि दोरी लावून गच्चीवर सात नंबरचे दहा शॉट पुन्हा घ्या. १५० चे १४४-१४५ झाले तर मांडणी सापडली. पुढच्या तीन राउंडमध्ये पिच मार्क मोजा. आणि पाऊस संपून ऑक्टोबरमध्ये जमीन वाळली की तेच दहा शॉट, त्याच चेंडूने, त्याच खुणांवर परत घ्या. बॉल स्पीड तोच असेल तर वहीतले आकडे तसेच चालू ठेवा. २ मैलांहून जास्त बदलला असेल तर आधी ठिपक्याची जागा बघा, मग चेंडू, आणि शेवटी स्विंग.